मूळ चाल आणि बँडची चाल : संचलनी वाद्यवृंदातील संगीत संयोजनाचा तौलनिक विचार

सारांश

गायनासाठी किंवा मैफलीसाठी रचलेले गीत चालत्या वाद्यवृंदावर वाजू लागले की त्याच्या स्वरांत, लयीत, ठेक्यात आणि विस्तारात बदल होतात. हे बदल म्हणजे मूळ गीताची नासाडी होय, असा एक समज सुशिक्षित वर्गात रूढ आहे. प्रस्तुत लेखात या बदलांची कारणे वाद्यांची घडण, मोकळे मैदान आणि चालणाऱ्याचे पाऊल यांत शोधली आहेत. राष्ट्रगीताच्या निवडीच्या वेळी हाच प्रश्न कसा निर्णायक ठरला याचा परामर्श घेतला आहे. बँडचे संयोजन ही स्वतंत्र निर्मिती असून तिचे मूल्यमापन तिच्याच निकषांवर व्हावे आणि संयोजकाच्या नावासह तिची नोंद राहावी, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : संगीत संयोजन, ब्रास बँड, बिगुल, ठेका, स्वरलिपी, धवळे, राष्ट्रगीत.

प्रस्तावना

मध्य रेल्वेवर नेरळ आणि कर्जत यांच्या दरम्यान असलेले भिवपुरी आणि त्याच्या आसपासचा कर्जत-खालापूरचा पट्टा हा संगीताच्या दृष्टीने संमिश्र प्रदेश आहे. आगरी समाजाची लग्नगीते, ठाकर व कातकरी वाड्यांवरील ढोलाचे नाच आणि गावोगावची भजनी मंडळे येथे नांदतात. त्यांच्या जोडीला लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत ब्रास बँड व बेंजो यांचा आवाज असतो. शाळांच्या मैदानावर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला बिगुल व ड्रम वाजतात. एकच गीत रेडिओवर ऐकलेले, भजनात गायिलेले आणि वरातीत वाजलेले असे तीन रूपांत एकाच श्रोत्याच्या कानी पडते.

या तिसऱ्या रूपाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. अभिजात संगीत, नाट्यसंगीत, भावगीत व लोकसंगीत यांवर मराठीत विपुल लेखन झाले. बँडवर वाजणाऱ्या संगीताला मात्र ‘नक्कल’ या एका शब्दात निकालात काढले जाते. मूळ गीत आणि बँडवरील गीत यांत नेमके काय बदलते, ते का बदलते आणि बदलूनही ते गीत ओळखू कसे येते, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहेत. ढोल-ताशा पथकांचे वादन मुख्यतः लयप्रधान असते. तेथे मूळ चालीशी तुलनेचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून ते या विवेचनाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे.

संज्ञांची निश्चिती

एका वाद्यासाठी किंवा कंठासाठी असलेली रचना दुसऱ्या वाद्यसमूहाला वाजविता येईल अशी नव्याने मांडणे, म्हणजे संगीत संयोजन. चाल बांधणारा तो संगीतकार आणि ती वाद्यांत वाटून देणारा तो संयोजक. हिंदी चित्रपटसृष्टीत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या मूळच्या गोमंतकीय संयोजकांनी हे काम केले. गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळत असे. त्या शिक्षणाचा मुंबईच्या वाद्यवृंदांना मोठा आधार झाला. म्हणजेच ज्या ध्वनिमुद्रित चित्रपटगीताला आपण ‘मूळ’ मानतो, तेही एका अर्थाने संयोजनच असते. ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ अशी सरळ विभागणी येथेच डळमळू लागते.

चालत वाजविण्यासाठी केलेले संयोजन ही याच कलेची विशेष शाखा होय. तिचे सर्वाधिक विकसित रूप अमेरिकेतील ‘ड्रम अँड ब्युगल कोअर’ या पथकांत दिसते. या पथकांत फुंकवाद्ये केवळ पितळी असतात. सनई-क्लॅरिनेटसारखी पत्तीची वाद्ये तेथे वर्ज्य आहेत. १९७१ साली ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन झाली आणि १९७२ पासून तिच्या अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्या. प्रत्येक पथकाला मैदानावर साधारण अकरा-बारा मिनिटांचा अवधी मिळतो. ‘फँटम रेजिमेंट’ या पथकाने २००८ साली ‘स्पार्टाकस’च्या सादरीकरणावर अजिंक्यपद मिळविले. खाचातुरियन यांची त्या नावाची नृत्यनाट्यरचना रंगमंचावर संपूर्ण सायंकाळ व्यापते. तिचे सूत्र अकरा-बारा मिनिटांत आणताना काय ठेवावे आणि काय गाळावे, हा निर्णय संयोजकाचा असतो. आपल्याकडील वरातीचा बँड आणि हे स्पर्धेतील पथक यांत साधनसामग्रीचे अंतर प्रचंड आहे. संयोजकापुढील पेच मात्र एकाच जातीचा आहे.

बदलाची कारणे

(अ) वाद्याची घडण. शालेय पथकातील साध्या बिगुलाला कळा नसतात. नळीची लांबी बदलत नसल्याने केवळ ओठांच्या ताणावर नैसर्गिक स्वर निघतात. प्रचारात असलेले पाच स्वर म्हणजे खालचा षड्ज, त्याचा पंचम, वरचा षड्ज, त्याचा गंधार आणि त्याचा पंचम. नावांच्या हिशेबाने हे केवळ तीन स्वर झाले : सा, ग आणि प. रिषभ नाही, मध्यम नाही, धैवत-निषाद नाहीत. त्यामुळे साध्या बिगुलावर कोणतेही गीत जसेच्या तसे वाजणे अशक्य आहे. त्यावर गीताची फक्त ललकारी वाजते, उरलेली चाल बासरीकडे किंवा अन्य वाद्याकडे द्यावी लागते. अमेरिकेतील पथकांनी बिगुलाला टप्प्याटप्प्याने कळा जोडल्या, त्यामागे हीच अडचण होती.

कळा असलेल्या ट्रम्पेट किंवा युफोनियमवर बाराही स्वर मिळतात. परंतु ते सुटे, पायऱ्यांसारखे मिळतात. भारतीय गायनाचा प्राण असलेली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, तेथे फार मर्यादित साधते. क्लॅरिनेटवर बोटे हळूहळू उचलून आणि ओठांचा दाब बदलून मींडेचा आभास निर्माण करता येतो. वरातीच्या बँडमध्ये मुख्य चाल पुष्कळदा क्लॅरिनेटकडे असते, त्याचे एक कारण हे असावे. बेंजोची कथा याहून वेगळी नाही. जपानमधील नागोया येथे १९१२ साली निर्माण झालेले ‘तायशोगोतो’ हे बटणांचे तंतुवाद्य भारतात बुलबुलतरंग म्हणून स्थिरावले. पुढे विजेची जोड मिळून ते मुंबई-कोकणच्या मिरवणुकांत बेंजो झाले. बटण दाबले की ठरलेला स्वर निघतो. म्हणून बेंजोवादक मींडेची जागा तारेवरील जलद आघातांनी भरून काढतो आणि लांबलेला स्वर एका स्थिर रेषेऐवजी थरथरत्या ठिपक्यांच्या रेषेत उमटतो.

(ब) स्वरसंवादाची भर. रागसंगीतात तंबोऱ्याचा षड्ज अखंड कानी असतो आणि प्रत्येक स्वराचा अर्थ त्या षड्जाच्या नात्याने लागतो. बँडमध्ये खालची वाद्ये एकाच षड्जावर थांबत नाहीत. चालीबरोबर त्यांचा आधारस्वरही सरकतो. त्यामुळे भरदारपणा येतो, पण श्रोत्याचा ‘सा’ क्षणभर हलतो. ज्या चालीत एकच स्वर कोमल आणि शुद्ध अशा दोन्ही रूपांत येतो, तेथे संयोजकाला विशेष सावध राहावे लागते. मूळ चाल एकपदरी असताना तिला अनेक पदर देणे ही केवळ सजावट नसून तो चालीचा एक अन्वयार्थ असतो.

(क) ठेक्याची विभागणी. तबल्यावर एकच वादक दोन हातांनी जे बोल वाजवितो, ते बँडमध्ये दोन-तीन माणसांत वाटले जातात. डग्ग्याचा घुमार मोठ्या ड्रमकडे, तर चाटीचे तीक्ष्ण बोल साइड ड्रमकडे जातात. दोन्ही हातांचा ‘धा’ दोन वादकांनी एकाच क्षणी वाजवायचा असतो, आणि ते दोघे चालत असतात. डग्ग्यावर मनगट सरकवून निघणारी गमक मोठ्या ड्रमवर निघत नाही. तिच्या जागी साइड ड्रमचा लांबविलेला रोल येतो. केहरव्याचा ठेका या वाटणीत ओळखू येतो, पण त्याची लवचीकता कमी होऊन नेटकेपणा वाढतो.

(ड) पावलाचा हिशेब. संचलनात डावे-उजवे हे दोनच घटक असतात. मिनिटाला सुमारे १२० पावले या वेगाने चालायचे तर प्रत्येक पावलाला अर्धा सेकंद मिळतो. आठ मात्रांचा केहरवा या हिशेबात सहज बसतो. सहा मात्रांच्या दादऱ्यात पहिल्या व चौथ्या मात्रेवर पाऊल टाकले की झुलती चाल मिळते. सात मात्रांच्या रूपकाची अडचण मात्र मूलभूत आहे. मात्रेगणिक पाऊल धरल्यास पहिल्या आवर्तनाची सम डाव्या पायावर आणि दुसऱ्या आवर्तनाची उजव्या पायावर येते. शिस्तबद्ध तुकडीला हे चालत नाही. अशा वेळी एक मात्रा वाढवून सातांचे आठ करावे लागतात किंवा ते गीत उभ्यानेच वाजवावे लागते. वरातीत पाऊल सैल असते, म्हणून तेथे बँडवाल्यांना अधिक मोकळीक मिळते. वरातीतील बँड आणि सैनिकी बँड एकच गीत वेगळे वाजवितात, याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

(इ) मैदान आणि अवधी. उघड्यावर नाजूक आवाज विरून जातात. हार्मोनियम, सतार, व्हायोलिन यांचे बारकावे दहा-वीस पावलांपलीकडे पोचत नाहीत. शिवाय रस्त्यावरचा श्रोता स्थिर नसतो. मिरवणूक त्याच्या समोरून पुढे सरकते आणि त्याच्या वाट्याला गीताचा एक तुकडाच येतो. म्हणून संयोजक मुखडा वारंवार आणतो आणि अंतरा आखडता घेतो. मैफलीच्या निकषावर जी पुनरुक्ती ठरते, ती रस्त्यावर गरज असते.

राष्ट्रगीताची निवड आणि बँडचा प्रश्न

चाल बँडवर वाजविता येणे ही किरकोळ तांत्रिक बाब वाटते. परंतु स्वतंत्र भारताच्या राष्ट्रगीताच्या निवडीत तिला निर्णायक महत्त्व आले होते. स्वातंत्र्यानंतर परदेशांतील समारंभांत आणि सैन्याच्या बँडवर वाजविण्यासाठी राष्ट्रगीताची तातडीची निकड निर्माण झाली. १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या प्रसंगी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. तेव्हा ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका तेथील वाद्यवृंदाला देण्यात आली आणि तिच्या आधारे ते वाजविले गेले. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी या विषयावर निवेदन केले. राष्ट्रगीत शब्दांबरोबरच, किंबहुना अधिक प्रमाणात, सुरांतून ओळखले जाते आणि ते वाद्यवृंदावर चांगले वाजले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ‘वंदे मातरम्’ची चाल त्या दृष्टीने सोयीची नाही, हा आक्षेप याच संदर्भात पुढे आला.

या आक्षेपाला संगीताच्याच भाषेत उत्तर देण्याचा प्रयत्न एका मराठी संगीतकाराने केला. आळंदी येथे १८९८ साली जन्मलेले, भास्करबुवा बखले यांचे शिष्य आणि प्रभात चित्रपटांचे संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटी रागाच्या आधारे बांधले. बंकिमचंद्रांच्या या गीताला त्यापूर्वीही अनेक चाली लाभल्या होत्या. विष्णु दिगंबर पलुस्कर ते काफी रागात गात असत. कृष्णरावांचे वेगळेपण असे की, समूहाला गाता येईल आणि बँडला वाजविता येईल, ही अट त्यांनी चाल बांधतानाच समोर ठेवली. झिंझोटी हा मंद्र व मध्य सप्तकांत रमणारा राग असल्याने तो सामान्य कंठालाही पेलतो. मुंबईच्या पोलीस बँडच्या प्रमुखांचे साहाय्य घेऊन त्यांनी चाल बँडवर बसविली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांसमोर तिची प्रात्यक्षिके दिली. त्यांच्या प्रयत्नाला अपेक्षित यश आले नाही. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून घोषित झाले आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मानाचे स्थान देण्यात आले.

या निर्णयामागे अनेक राजकीय व सामाजिक कारणे होती, त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. केवळ संगीताच्या अंगाने पाहता ‘जन गण मन’ची चाल बँडला अनुकूल का, हे सांगता येते. तिच्यात बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक स्वर आहे, पुष्कळ अक्षरे लागोपाठ एकाच स्वरावर येतात, चाल प्रायः लगतच्या स्वरांवरून पुढे जाते आणि लय समान पावलांची आहे. सुट्या स्वरांच्या वाद्याला जे जमत नाही, त्याची तिला फारशी गरजच पडत नाही. तरीही तेथे संयोजन घडलेच. पाच कडव्यांच्या मूळ काव्यातील पहिले कडवे घेतले गेले. पूर्ण वादनाचा अवधी सुमारे ५२ सेकंद ठरला आणि काही प्रसंगांसाठी पहिल्या व शेवटच्या ओळींचे सुमारे २० सेकंदांचे संक्षिप्त रूपही मान्य झाले. १९११ साली कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात गायिलेले रवींद्रनाथांचे गीत आणि आजचे बँडवरील राष्ट्रगीत यांत हे सर्व अंतर आहे. त्याला कोणी नक्कल म्हणत नाही.

श्रोत्याची स्मृती

बँडवर गीताचे शब्द नसतात. तरीही श्रोता मनातल्या मनात शब्द म्हणतो. बँडचे संयोजन यशस्वी होण्यात श्रोत्याच्या या स्मृतीचा वाटा मोठा असतो. नवी दिल्ली येथे दरवर्षी २९ जानेवारीला होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभात २०२२ साली ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती भक्तिगीताच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ वाजविले गेले. कवी प्रदीप यांचे शब्द, पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांची चाल आणि लता मंगेशकर यांचा आवाज असलेले हे गीत २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत प्रथम जाहीरपणे सादर झाले. मूळ गायनातील शब्दांवरचे थांबणे व आवाजातील कंप यांतले फारसे काही पितळी वाद्यांत उतरू शकत नाही. परंतु सहा दशके ते ऐकत आलेल्या समुदायाला चालीची पहिली ओळ पुरेशी असते, उरलेले तो स्वतः भरून घेतो.

जेथे ही सामायिक स्मृती नाही, तेथे संयोजन पंगू होते. रायगड-ठाणे परिसरातील आगरी समाजाचे धवळे हे याचे उदाहरण होय. लग्नविधीच्या एकेका टप्प्यावर धवलारीण धवळे गाते. त्या गीतांचे स्वरक्षेत्र लहान असते, चाल पुन्हा पुन्हा फिरते आणि सारे सामर्थ्य शब्दांत व विधीशी असलेल्या त्यांच्या नात्यात असते. शब्द काढून घेऊन ही चाल ट्रम्पेटवर वाजविली, तर चार-पाच स्वरांचे एक वर्तुळ तेवढे उरेल. म्हणूनच त्याच लग्नात मांडवाखाली धवळे आणि रस्त्यावर बँड अशी विभागणी नांदते. ती विभागणी अडाणीपणाची नसून जाणतेपणाची आहे. मांडवात जे सांगायचे ते शब्दांनी आणि रस्त्यावर जे कळवायचे ते आवाजाने, हा विवेक या समाजाने शास्त्र न वाचता केला आहे. मात्र मांडवातच ध्वनिवर्धकावरील गाणी येऊन धवलारिणीचा आवाज झाकला जातो, तेव्हा हा तोल बिघडतो. दोष तेथे बँडचा नसून जागा चुकल्याचा असतो.

संयोजकाचे नाव

अमेरिकेतील पथकांच्या सादरीकरणात मूळ संगीतकाराबरोबर संयोजकाचेही नाव नोंदले जाते, स्वरलिपी जतन होते आणि एकाच रचनेची वेगवेगळ्या वर्षांतील संयोजने ताडून पाहता येतात. आपल्याकडील बँडमास्तर ध्वनिमुद्रिका ऐकून चाल उतरवितो, प्रत्येक वादकाला त्याचा भाग तोंडी किंवा वाजवून दाखवितो आणि काही तालमींत गीत उभे करतो. कोठे मुखडा दुहेरी करायचा, कोठे ड्रम थांबवायचा, क्लॅरिनेटची जागा ट्रम्पेटने कोठे घ्यायची, हे सर्व निर्णय त्याचे असतात. त्यांची लेखी नोंद क्वचितच असते. बँड विसर्जित झाला किंवा मास्तर निवर्तला की ते संयोजनही संपते.

कायद्याची या बाबतीतील भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. १९५७ च्या भारतीय स्वामित्व हक्क कायद्यात संगीतकृतीचे संयोजन हे ‘रूपांतर’ म्हणून गणले आहे. लग्नाच्या मिरवणुकीतील वादनाला त्या कायद्यात सूट आहे. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी संगीतकृती म्हणजे लिपीबद्ध केलेली कृती, अशी व्याख्या होती. दुरुस्तीने ती अट गेली आणि अलिखित संगीतालाही कायद्याने संगीत मानले. कायद्याने जे मान्य केले, ते अभ्यासक्षेत्राने अद्याप पुरतेपणी स्वीकारलेले दिसत नाही.

महाविद्यालयांना येथे सहज करता येण्याजोगे काम आहे. परिसरातील बँड व बेंजो पथकांचे वादन ध्वनिमुद्रित करणे, त्यातील निवडक संयोजने भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत उतरविणे आणि प्रत्येक नोंदीत मूळ संगीतकार, संयोजक, वाद्यांची यादी, प्रसंग व वर्ष लिहिणे, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. तुलना करताना पुढील पाच प्रश्न उपयोगी ठरतील : मुखडा ओळखू येतो काय, चाल ज्या स्वरांवर विसावते ते विसावे राखले आहेत काय, ठेका बदलला असल्यास पावलाच्या किंवा प्रसंगाच्या गरजेने बदलला आहे काय, वाद्याला जे जमत नाही त्याच्या जागी काय योजले आहे, आणि जे गाळले त्याने गीताचा आशय बदलला काय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. बँडवरील बदल मनमानी नसून वाद्याची घडण, उघडे मैदान आणि पाऊल यांच्या अटींतून जन्मतात. या बदलांत मींड, शब्द आणि तालाची लवचीकता यांची हानी होते, ती नाकारण्याचे कारण नाही. तिच्या बदल्यात गीताला सार्वजनिकता मिळते. ज्याला मैफलीचे आमंत्रण नसते, त्याच्या दारावरून ते गीत वाजत जाते. प्रत्येक मूळ संगीत संयोजनाला योग्य नसते आणि कोणते कोठे वाजवावे हा विवेक लोकपरंपरेत आधीपासून आहे. मास्टर कृष्णरावांसारख्या रागसंगीतातील अधिकारी कलावंताला बँडवर चाल बसविणे हे कमीपणाचे वाटले नाही. राष्ट्रासमोरचा प्रश्न त्यांनी बँडच्या अटी मान्य करून सोडविण्याचा यत्न केला. भिवपुरी-कर्जतच्या रस्त्यावर वरातीपुढे चालणारा बँडमास्तर रोज याच अटींशी झुंजत असतो. त्याच्या कामाचे नाव ‘नक्कल’ नसून ‘संयोजन’ आहे, आणि संयोजकाला नाव असते.